धुळ्याच्या नंबरच्या गल्ल्यांत सायकलची क्रायटेरियम शर्यत घेता येईल का?

पांझराकाठ
मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडतोय. लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा आणि मग बोला.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटली की मुंबई-पुणे आठवते. घाटाचा राजा कोण झाला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं. अशी शर्यत बघायला रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर तासभर ताटकळायचं, मग पायलट गाडी येते, तिच्यामागे सर्रकन सायकली जातात आणि खेळ खलास. सोबतचं पोरगं विचारतं, "पप्पा, पुढे कोण होतं?" आणि आपल्याला सांगता येत नाही.

क्रायटेरियम ही बघणाऱ्यांची शर्यत आहे. गावातलेच चार-सहा रस्ते वाहनांना बंद करून एक छोटा फेरा आखायचा आणि त्यावर गोल गोल पळायचं. आंतरराष्ट्रीय नियमात हा फेरा ८०० मीटरपासून १० किलोमीटरपर्यंत चालतो, पण गावांत तो बहुतेक ठिकाणी एक-दोन किलोमीटरचाच ठेवतात. एक किलोमीटरचा फेरा आणि ताशी ३६ किलोमीटरचा वेग धरा. तोच घोळका दर १०० सेकंदांनी तुमच्या ओट्यासमोरून जाणार, म्हणजे अर्ध्या तासात अठरा वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच पोरं आपापला गडी हेरतात आणि पुढच्या वेळी त्याच्या नंबराने हाका मारतात.

बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये गावजत्रेच्या दिवशी अशा शर्यती होतात. टूर द फ्रान्स संपली की त्यातले नावाजलेले सायकलपटू पुढच्या काही दिवसांत लहान लहान गावांतल्या क्रायटेरियममध्ये उतरतात आणि सगळं गाव बघायला लोटतं. खुद्द टूरचा शेवटही १९७५ पासून पॅरिसच्या शाँझेलिझेवर फेऱ्या मारून होतो. २०२४ मध्ये तो नीसला झाला, तो अपवाद.

आता धुळं का? इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये इथे ठाणं केलं आणि नवी पेठ आखून वसवली. जुन्या गावाचे बोळ वेडेवाकडे, तर ही पेठ सरळ रेषेत. तेव्हापासून आपल्या गल्ल्यांना नावं कमी आणि नंबर जास्त. दोन समांतर गल्ल्या आणि त्यांना जोडणारे दोन आडवे रस्ते घेतले की चार काटकोनी वळणांचा फेरा तयार. परदेशात अशा फेऱ्यासाठी आयोजक गावभर नकाशे घेऊन हिंडतात. आपल्याकडे तो दोनशे वर्षांपासून आखून ठेवलेला आहे.

माझं म्हणणं एवढंच की शर्यत ओट्यावर, गॅलरीत आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाकडून सुरू करून आखायची. सायकलपटू कुठूनही येतील. आजी, नातू आणि भाजी घेऊन परतणारी बाई यांना काय दिसेल ते आधी ठरवू.

मेहरूणचा_भो
काय भो, विषय एक नंबर. पण जळगाव का नाही? काव्यरत्नावली चौक, भाऊंचे उद्यान, शेजारी सागर पार्क, सगळं हाताशी आहे. रस्ते रुंद, गाड्या लावायला मैदान, पोरांना खेळायला बाग. नाहीतर मेहरूण तलाव. सकाळी अर्धं जळगाव तिथेच फिरायला असतं.

पांझराकाठ
भाऊ, तलावाचा मोह मलाही होतो. पण तिथे जो आधीच फिरायला येतो तोच शर्यत बघेल. दाराशी शर्यत आली तर जो कधी घराबाहेर पडत नाही तोही बघतो, म्हणून मला वस्ती हवी. काव्यरत्नावलीचा परिसर मात्र खरंच तोडीचा आहे. बागेमुळे लहान मुलांची सोय आयती होते. तिथे वळणं किती आणि गतिरोधक किती ते एकदा चालत जाऊन मोजाल का? गतिरोधक आला की फेरा बाद. घोळक्यात पुढच्याच्या पाठीमुळे मागच्याला रस्ता दिसतच नाही.

मेहरूणचा_भो
मोजतो. पण सांगून ठेवतो, गतिरोधकांच्या बाबतीत आपण जळगावकर श्रीमंत आहोत.

गल्लीतला_नाना
दादा, हाई शर्यत आपला धुयामाच व्हवाले जोयजे! आमच्या गल्लीची जबाबदारी माझी. पण खरं बोलतो. गल्ली नकाशात सरळ आहे, जमिनीवर नाही. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, पुढे आलेले ओटे, पायऱ्या, पाण्याची पिंपं, कुणाचा जनरेटर. सकाळी सहाला दूधवाला, साडेसहाला पाण्याचा टँकर. शर्यतीच्या आदल्या रात्री गाड्या हलवायच्या तर घरोघरी जाऊन सांगावं लागेल. व्हॉट्सॲपवर टाकून कुणी गाडी हलवत नाही. आणि कुत्री. त्यांचं काय ते आधी ठरवा.

पांझराकाठ
नाना, अशीच माहिती हवी होती. म्हणून दोन अगदी अरुंद गल्ल्या धरायच्याच नाहीत. एक बाजू रुंद रस्त्याची, एक गल्लीची. शेवटची रेषा रुंद बाजूला आणि तिच्याआधी निदान दीडशे-दोनशे मीटर सरळ रस्ता. शेवटी सगळे एकदम उठून पळतात तेव्हा जागा लागते, आणि रेषा ओलांडल्यावर थांबायलाही लागते. फोटो काढणारे नेमके रेषेच्या पुढे रस्त्यात येऊन उभे राहतात. तो भाग पूर्ण रिकामा ठेवावा लागेल.

कुत्र्यांसाठी मी ऐकलेला उपाय असा की त्यांना रोज पोळी घालणाऱ्या माणसालाच हाताशी धरायचं. तो त्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडे जाऊन पोळ्या घालेल.

वळणावरची
मी पुण्यात असताना अशा बंद फेऱ्यावर सायकल चालवली आहे. आता अमळनेरला असते. बघणाऱ्यांना सांगण्यासारख्या दोन गोष्टी.

एक, चाक धरणं. पुढच्या सायकलच्या मागे अगदी हातभर अंतरावर राहिलं की वारा तो कापतो आणि मागच्याची पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. म्हणून हुशार गडी पुढे येतच नाही. लोकांना वाटतं, हा मागे पडलाय. तो मागे पडलेला नसतो, दम राखून असतो. हे कुणी समजावलं नाही तर बघणाऱ्यांना फक्त घोळका दिसतो.

दोन, वळण. काटकोनी वळणावर पुढचे चार-पाच जण न थांबता निघून जातात. मागच्यांना मात्र ब्रेक लावावा लागतो आणि वळण संपताच उभं राहून पळावं लागतं. आगगाडी सुटताना डब्यांना जसे एकामागोमाग हिसके बसतात तसं ते शेपटीपर्यंत जातं. चार वळणं आणि अठरा फेऱ्या, म्हणजे शेवटच्या गड्याला बहात्तर हिसके. म्हणून शर्यत बघायची तर वळण जिथे संपतं तिथे, आतल्या बाजूला उभं राहा. पायांचे स्नायू, दातओठ, सगळं दिसतं. बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नका, घसरलेली सायकल तिकडेच जाते.

आणि त्यांचे पाय बघा. वळताना आतलं पेडल वर आणि बाहेरचं खाली, त्यावर सगळं वजन. आतलं पेडल खाली राहिलं की ते रस्त्याला घासतं आणि माणूस उडतो.

जिनिंगवाला_पाचोरा
वळणाच्या बाहेरच्या बाजूला काय लावणार? वर कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. परदेशी व्हिडिओत गवताचे भारे दिसतात. इकडे कुणीतरी हमखास म्हणेल, कापसाचा मुलूख आहे, गाठी लावा. ते करू नका. कापसाची दाबलेली गाठ १७० किलोची असते, वर लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या. तिच्यावर आपटणं म्हणजे भिंतीवर आपटणं. शिवाय ती पेट घेते.

भुसा सैल भरलेली पोती लावा, दोन थरांत, तोंडं शिवून. पोतं फुटून भुसा रस्त्यावर आला तर त्यावरून चाक घसरतं, म्हणून शिवण नीट हवी. विजेच्या खांबांना जुन्या गाद्या बांधा. गाद्या मी गोळा करून देतो.

पांझराकाठ
दादा, तुमचा प्रतिसाद नसता तर कापसाच्या गाठींची कल्पना नक्की कुणीतरी काढली असती आणि फोटोसाठी ती सगळ्यांना आवडलीही असती. गाद्यांचं पक्कं.

दोघांची_आई
मी सायकलपटू नाही, शर्यतीतलं काही कळत नाही. दोन मुलं आहेत, सात आणि अकरा वर्षांची. दोघांकडे सायकली आहेत आणि त्या पार्किंगमध्ये धूळ खातात, कारण रस्त्यावर सोडायची छाती होत नाही. मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटली ती गोष्ट म्हणजे सकाळचे चार तास गाड्या नसलेला रस्ता. तेवढा एक तास मुलांना द्याल का? शर्यत नसली तरी चालेल.

आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे असेल ते आधीच जाहीर करा. त्यावाचून आम्ही चार तास थांबत नाही, मग कितीही चांगली शर्यत असो.

पांझराकाठ
ताई, मुलांचा तास सगळ्यात आधी. मोठ्यांच्या शर्यतीनंतर ठेवला तर ऊन चढतं आणि मुलं कंटाळलेली असतात. सकाळी रस्ता बंद झाला की पहिला मान मुलांचा. आठ वर्षांखालच्यांसाठी फक्त सरळ रस्त्यावर दोनशे मीटर, वळण नाही, वेळ मोजायचा नाही, नंबर काढायचे नाहीत. नऊ ते बारा वयाची मुलं एक पूर्ण फेरा मारतील, हळू जाणाऱ्या पायलट सायकलच्या मागे. हेल्मेट नाही तर प्रवेश नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी तिथे उसनी मिळतील अशी सोय करावी लागेल. आई-बाबांनी कडेला उभं राहायचं, सोबत धावायचं नाही. अशा शर्यतींत मुलं पडतात ती बहुतेक वेळा मध्ये आलेल्या पालकांवर आदळून.

स्वच्छतागृहासाठी फेऱ्यावरच्या एखाद्या शाळेशी बोलू. शाळा मिळाली तर हेल्मेट, नोंदणी, पिण्याचं पाणी सगळं तिथेच होईल.

शहाद्याचा_मास्तर
शाळेचा विषय निघालाच आहे तर. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आमच्याकडच्या मुलींना सायकली मिळतात. पाच किलोमीटरपर्यंतच्या पाड्यांवरून रोज येणाऱ्या मुली आहेत. पावसात, चिखलात, मागे कॅरियरला दप्तर आणि कधी धाकटी बहीण. या मुलींच्या पायात जी ताकद आहे ती पेठेतल्या महागड्या सायकलवाल्यांना दिसली पाहिजे.

शाळेच्या सायकलींचा वेगळा गट ठेवा. अट एकच, सायकल कॅरियर आणि मडगार्डसकट असावी, गिअर नको. आठवी ते बारावीच्या मुली, पाच फेऱ्या. आणि बक्षीस मोठ्यांच्या गटाइतकंच ठेवा. प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा देऊन बोळवण करू नका.

वळणावरची
मास्तर, मनातलं बोललात. एक काळजी घ्या. शाळेच्या सायकलींचे ब्रेक आदल्या दिवशी तपासायचे. बहुतेकींचा मागचा ब्रेक नावापुरता असतो आणि ब्रेकचे रबर झिजलेले. एखादा सायकल मिस्त्री दिवसभर बसवला तर काम होईल. हँडलची टोकं उघडी असतील तर बूच बसवा. उघडी नळी पडताना पोटात घुसते. शर्यतीत हा नियम सगळ्यांनाच लागू असतो.

नको_ती_शर्यत
सगळे खुशीत आहेत, मी वेगळं बोलतो. रस्त्यांना खड्डे, नळाला पाणी चार-चार दिवसांनी, आणि तुम्ही रस्ता बंद करून सायकली पळवणार. दुकानदाराचा रविवार बुडणार. पेठेत दवाखाने आहेत, पेशंट कुठून न्यायचा?

पांझराकाठ
तुमचे मुद्दे खरे आहेत आणि उत्तर न देता पुढे जाणार नाही.

दुकानं दहाच्या आधी फारशी उघडत नाहीत. सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ मागायचा, आणि दहाला रस्ता मोकळा म्हणजे मोकळा. मंडप नाही, भाषणं नाहीत, पाहुण्याची वाट बघत थांबणं नाही. पाहुणा उशिरा आला तर त्याला शेवटची फेरी दिसेल.

पेशंटचं असं की फेऱ्यावर दोन ठिकाणी दोरीची फाटकं ठेवायची. घोळका गेला की फाटक उघडायचं, माणसं ओलांडतात, पुढचा घोळका वळणावर दिसायच्या आधी बंद. शंभर सेकंदांतले साठ तरी मिळतात. शर्यत तुटून सगळे विखुरले की मात्र एवढी सवड मिळत नाही, तेव्हा फाटकावरच्या माणसाने शिट्टी आणि लाल झेंडा दोन्ही वापरायचे. आणि रुग्णवाहिका आली किंवा कुणाच्या घरी अडचण झाली तर शर्यत थांबवायची. क्रायटेरियम थांबवून पुन्हा सुरू करता येते, लांब पल्ल्याच्या शर्यतीला ते फार जड जातं.

खड्ड्यांचं वचन मी देऊ शकत नाही. फेऱ्यावरचे चार कोपरे दुरुस्त होईपर्यंत शर्यत घ्यायची नाही, एवढं आपल्या हातात आहे.

भुसावळची_सिस्टर
रुग्णवाहिकेवरून सांगते. ती फेऱ्याच्या आत उभी करू नका. आत असली की जखमी माणसाला घेऊन बाहेर पडायला पुन्हा शर्यतच ओलांडावी लागते. बाहेर, फाटकाला लागून, तोंड दवाखान्याच्या दिशेने. चालकाने गाडीतच बसायचं.

सायकलवरून पडल्यावर सगळ्यात जास्त मोडतं ते गळपट्टीचं हाड, कारण माणूस हात पुढे करून किंवा खांद्यावर पडतो. बाकी खरचटणं. त्याला भरपूर स्वच्छ पाणी आणि सलाईनने धुणं, हळद-बिळद भरायची नाही. डोकं आपटलं असेल तर गडी कितीही म्हणो "मी ठीक आहे", त्याला पुन्हा सायकलवर बसू द्यायचं नाही. हा अधिकार आयोजकाकडे नको, डॉक्टरकडे हवा.

मेहरूणचा_भो
सिस्टर, तुम्ही शर्यतीला याच.

मंडळी, मी काव्यरत्नावलीचा फेरा चालून आलो. बाग, मैदान, झाडी सगळं झकास, पण ज्या रस्त्याने वळवायचं होतं तिथे गतिरोधक आहेतच, आणि एका बाजूला वस्ती जवळजवळ नाही. पहिली शर्यत धुळ्याला होऊ द्या, दुसऱ्या वर्षी जळगावला आणा. तोवर आम्ही रस्ता शोधतो. आमच्याकडून केळीचे घड.

पांझराकाठ
घड हवेतच! आणि त्यांचा खरा उपयोग सांगतो. क्रायटेरियममध्ये मधल्या फेऱ्यांना अचानक घंटा वाजवतात. घंटा वाजली की पुढच्या वेळी जो पहिला रेषा ओलांडेल त्याला खास बक्षीस. याला प्रीम म्हणतात. शर्यत कोण जिंकणार याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे शेवटी हरणार हे माहीत असलेला गडीही एका फेरीपुरता जीव तोडून पळतो आणि बघणाऱ्यांना मधेच एक छोटी शर्यत मिळते. हे बक्षीस गल्लीने द्यायचं. एका घंटेला जळगावच्या केळीचा घड, एका घंटेला भरताच्या वांग्यांची टोपली. दोघांनाही २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. एक घंटा एखाद्या आजीबाईच्या हातच्या मांड्यांची. बक्षीस देणाऱ्याने स्वतः घंटा वाजवायची. नातवाने वाजवली तर आणखी चांगलं.

शेवटच्या फेरीची घंटा मात्र वेगळी, मोठी, आणि ती पंचांच्याच हातात.

वळणावरची
पंचांवरून आठवलं. एक फेरी मागे पडलेले लोक घोळक्यात मिसळले की बघणारे पार गोंधळतात. सगळ्यात पुढे दिसणारा खरं तर एक फेरी मागे असतो. म्हणून मागे पडलेल्यांना पंचांनी आदराने बाहेर घ्यायचं आणि त्यांचा क्रमांक तिथेच लिहायचा. आणि पंक्चर किंवा पडझड झालेल्याला एक फेरी माफ असते. तो चाक बदलून त्याच घोळक्यात पुन्हा येतो. शेवटच्या काही फेऱ्यांत ही सवलत नसते. हे माइकवरून सांगितलं नाही तर कुणीतरी ओरडणारच, "हा मधेच घुसला!"

गल्लीतला_नाना
माइकवर कोण? निवेदक चांगला नसला तर सगळं पाण्यात. मला कुस्तीच्या मैदानातला निवेदक पाहिजे. त्याला डाव ओळखता येतो, पैलवानाचं गाव माहीत असतं, वस्तादाचं नाव माहीत असतं. इथेही तसंच पाहिजे. "हा नंबर चौदा, शिरपूरचा, बापाचं पंक्चरचं दुकान" असं सांगितलं की सगळी गल्ली त्याच्या बाजूने.

पांझराकाठ
नाना, यावरून एक खरी गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या सॉमरव्हिल गावात फ्रेड कुगलर नावाच्या सायकल दुकानदाराने १९४० मध्ये मेन स्ट्रीटवर अशी शर्यत सुरू केली. तिथल्या कायद्यात महामार्गावर बक्षिसाची शर्यत घ्यायला बंदी होती, म्हणून 'रेस' हा शब्द टाळून नाव ठेवलं 'टूर ऑफ सॉमरव्हिल'. पहिली दोन वर्षं त्याचाच मुलगा फर्मन जिंकला, १९४२ मध्ये कार्ल अँडरसन. दोघेही दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. युद्धानंतर शर्यत पुन्हा सुरू झाली ती त्या दोघांच्या स्मृत्यर्थ. ती सुरू झाली एका सायकल दुकानदारामुळे. आपल्या पंक्चर काढणाऱ्यांना, मिस्त्रींना यात मानाने बोलावलं पाहिजे, फुकट राबवून घ्यायला नाही.

निवेदकाने नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाशी दोन मिनिटं बोलून चिठ्ठी करायची: गाव, काम, सायकल कुठून आणली. मास्तर, तुमच्या मुलींच्या चिठ्ठ्या तुम्हीच लिहा.

नको_ती_शर्यत
चार कोपरे आधी दुरुस्त करण्याची अट लेखी अर्जात घालणार असाल तर माझी सही घ्या. पाण्याचं म्हणणं मागे घेत नाही.

पांझराकाठ
अट पहिल्या ओळीत असेल. पाण्याच्या अर्जावर माझीही सही घ्या.

आता कामाचं. अर्ज तीन ठिकाणी जाणार: पोलीस अधीक्षक कार्यालय, वाहतूक शाखा, महापालिका. अर्जासोबत फेऱ्याचा नकाशा आणि फेऱ्यावरच्या घरांच्या, दुकानांच्या सह्या. सह्या आधी, अर्ज नंतर. वेळ डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारी. फेब्रुवारीनंतर आपल्याकडचं ऊन मुलांना सोसवत नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पाचकंदीलजवळ जमू. मोजायचं चाक मी आणतो, खडू आणि वही कुणीतरी आणा. प्रत्येक वळणावर तीन गोष्टी लिहायच्या: गटाराचं झाकण कुठे, वाळू कुठे साचते, खांब कुठे. झेब्रा पट्ट्यांचा रंगही बघा, त्यावर दव पडलं की चाक सुटतं. मग नाना सांगतील त्या घरापासून सह्यांना सुरुवात.

दोघांची_आई
मुलांना आणू का मोजायला?

पांझराकाठ
आणा, सायकलीसकट. मोजायचं चाक धाकट्याच्या हातात देऊ.